विद्युत्-गिटारची पेडले : पारख आणि तुलना

पोकळ अंगाच्या गिटारमध्ये तार छेडली की तिची कंपने घोडीवाटे वरच्या पातळ फळीला मिळतात आणि फळी व आतील हवा मिळून तो नाद मोठा करतात. विद्युत्-गिटारची रचना वेगळी असते. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असल्याने वीज नसेल तर तिचा आवाज चार हातांपलीकडे जेमतेम पोहोचतो. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी बसविलेली असते. या साधनाला पिकअप म्हणतात. तार हलली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व गुंडाळीत विद्युत् दाब निर्माण होतो. हा दाब साधारणपणे काही दशांश व्होल्ट इतकाच असतो. ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यात हवा तो फेरफार करता येतो. असा फेरफार करणाऱ्या आणि पायाने चालू-बंद करता येणाऱ्या छोट्या पेटीला पेडल म्हणतात.

पेडल हे वाद्याला बाहेरून जोडलेले असले तरी त्याच्या नादाचे ते एक अंगच असते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो तेव्हा तो तारेतील उपस्वरांचे प्रमाण ठरवीत असतो. ते काम तो घोडी घासून करतो, तर पेडल तेच काम विद्युत् मंडलाच्या साहाय्याने करते. म्हणून पेडलाची निवड ही वाद्याच्या निवडीइतकीच विचारपूर्वक करावी लागते.

अडचण अशी की बाजारात आज शेकडो पेडले आहेत. त्यांची नावे मोहक असतात, रंग भडक असतात आणि किमतींत मोठे अंतर असते. नव्या वादकाची बचत बहुधा मर्यादित असते. चुकीच्या निवडीत ती खर्ची पडते आणि हवा तो नाद मात्र हाती लागत नाही. परंतु आत डोकावून पाहिले तर ही सारी पेडले विद्युत् लहरीवर मोजक्याच प्रकारच्या क्रिया करताना दिसतात. कोणते पेडल कोणती क्रिया करते आणि ती आपल्या वादनात कोठे उपयोगी पडेल, एवढे उमगले की तुलना करणे अवघड राहत नाही.

सदोष यंत्रातून आलेला नाद

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन वाजवीत असलेल्या बास-गिटारचा आवाज फाटून घरघरू लागला. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एक ट्रान्सफॉर्मर बिघडला होता. तो भाग तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ साली गीत प्रसिद्ध झाल्यावर त्याने श्रोत्यांचे लक्ष वेधून घेतले. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी हाच दोष ट्रान्झिस्टरच्या मदतीने मुद्दाम घडवून आणणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. त्यात जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि दीड व्होल्टच्या दोन घटांवर ते चालत असे. गिटारमधून पितळी सुषिर वाद्यांसारखे आवाज काढता यावेत, अशी त्यामागची कल्पना होती.

प्रारंभी त्याला फारशी मागणी नव्हती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्‌स यांनी ते वापरले आणि चित्र पालटले. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल तबकडीच्या आकाराचे ‘फझ फेस’ काढले. जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनामुळे ते जगभर परिचित झाले. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे ‘बिग मफ’ १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले. जपानमध्ये रोलंड कंपनीच्या ‘बॉस’ या शाखेने १९७७ पासून एकाच आकाराच्या, दणकट, लहान पेडलांची मालिका सुरू केली आणि पेडल ही सर्वसामान्य वादकाच्या आवाक्यातील वस्तू झाली.

या इतिहासात निवडीच्या दृष्टीने एक बोध आहे. ज्या दोषाला अभियंते टाळू पाहत होते, तोच वादकांना हवासा वाटला. त्यामुळे पेडलांच्या बाबतीत ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ असा निवाडा उपयोगी पडत नाही. कोणता बदल किती प्रमाणात हवा, एवढाच प्रश्न उरतो.

पाच कुळे

पहिले कुळ लहरीचे माथे कापणाऱ्या पेडलांचे. फझ, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन ही त्याची तीन प्रमुख घराणी होत. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

दुसरे कुळ गाळणाऱ्यांचे. ‘वा-वा’ पेडल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट यांनी १९६६ मध्ये ते सिद्ध केले. पाय दाबावा तसा स्वरपट्ट्याचा एक अरुंद भाग उठून दिसू लागतो आणि तो खालून वर सरकतो. मनुष्य तोंडाचा आकार बदलून ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत जातो तेव्हा असेच काहीसे घडते. म्हणून हे पेडल बोलल्यासारखे वाटते.

तिसरे कुळ आवाज आवळणाऱ्यांचे, म्हणजे कंप्रेसरचे. मोठा आघात ते दाबून धरते व विरत चाललेला स्वर उचलून धरते. त्यामुळे स्वर लांबतो आणि सर्व आघात समान वाटू लागतात. आघातांतील लहानमोठेपणा हेच ज्याच्या वादनाचे बळ आहे, त्याने हे पेडल जपून वापरावे.

चौथे कुळ स्वराला डोलविणाऱ्यांचे. अमेरिकेतील एमएक्सआर कंपनीचे ‘फेझ ९०’ (१९७४) आणि बॉसचे ‘सीई-१’ हे कोरस पेडल (१९७६) ही त्याची आरंभीची उदाहरणे. मूळ लहरीत तिचीच किंचित सरकलेली प्रत मिसळली की काही कंपने एकमेकांना पुष्टी देतात, तर काही एकमेकांना खोडून काढतात. हे सरकणे सतत कमीजास्त होत राहिल्यामुळे नाद हिंदकळतो. कोरसमध्ये जणू दोन वादक एकत्र वाजवीत आहेत असा भास होतो.

पाचवे कुळ प्रतिध्वनीचे. आरंभी हे काम चुंबकीय फितीवर होत असे. १९६९ मध्ये हॉलंडच्या फिलिप्स कंपनीतील सँगस्टर व टेअर यांनी एक नवी युक्ती शोधली. आग विझविताना माणसांची रांग हातोहात बादल्या पुढे देते, तसा विद्युत् भार हजारो सूक्ष्म धारकांच्या रांगेतून ठोक्याठोक्याने पुढे ढकलला जातो. रांगेत ४,०९६ टप्पे असतील आणि सेकंदाला १०,००० ठोके पडत असतील तर सुमारे एक पंचमांश सेकंदाचा विलंब मिळतो. ठोके निम्मे केले की विलंब दुप्पट होतो. परंतु ठोक्यांच्या निम्म्याहून अधिक वेगाची कंपने या रांगेतून नीट पार होऊ शकत नसल्याने प्रतिध्वनी अधिकाधिक मंद व झाकोळलेला होतो. अंकीय पेडलांत ही मर्यादा राहत नाही. तरीही काही वादक जुनी रीतच पसंत करतात. कारण झाकोळलेला प्रतिध्वनी ताज्या स्वराच्या आड येत नाही.

लहर कापली की काय होते

तुलना सर्वांत अवघड ठरते ती पहिल्या कुळात, कारण येथील पेडले वरवर सारखीच वाटतात. लहर एका मर्यादेपर्यंत वाढू दिली आणि तिच्यावर छाटली की तिचा गोल माथा सपाट होतो. सपाट माथ्याच्या लहरीत मूलस्वराखेरीज त्याच्या पटीतील नवे उपस्वर निर्माण होतात. वरचा व खालचा माथा सारखाच छाटला तर तिप्पट, पाचपट अशा विषम पटींचे उपस्वर वाढतात. एक बाजू अधिक छाटली तर दुप्पट, चौपट असे सम पटींचेही येतात. तसेच माथा हळूहळू वाकवला तर उंच उपस्वर कमी असतात. एकदम कापला तर ते विपुल होऊन नाद धारदार होतो.

दोन स्वर एकत्र वाजविले तर आणखी एक गोष्ट घडते. त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकी यांचे नवे स्वर उमटतात. षड्ज व पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असल्याने त्यांच्या वजाबाकीतून नेमका खालच्या सप्तकातील षड्ज मिळतो आणि नाद भारदस्त होतो. रॉक संगीतात या जोडीचा इतका वापर होतो त्याचे एक कारण हेच. पाच-सहा तारांचा भरगच्च स्वरमेळ मात्र अशा पेडलातून चिखल झाल्यासारखा येतो. हा दोष एखाद्या विशिष्ट पेडलाचा नसून क्रियेचाच आहे, हे ठाऊक नसल्यास खरेदीदार पेडलामागून पेडले बदलीत राहतो.

तीन पेडले शेजारी शेजारी

आता फझ फेस (१९६६), बॉसचे डीएस-१ (१९७८) आणि आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर (१९७९) या तिघांची तुलना करू पाहिल्यास वरील विवेचन स्पष्ट होईल.

फझ फेसमध्ये अवघे दोन ट्रान्झिस्टर असतात आणि छाटणी तेच करतात. हे मंडल पिकअपवर भार टाकते, म्हणजे गिटार आणि पेडल मिळून एकच यंत्र बनते. परिणामी गिटारवरील आवाजाची कळ थोडी उतरवली की घरघर जवळजवळ नाहीशी होऊन स्वच्छ, लखलखीत स्वर उरतो. पायाला काम न देता केवळ हाताने दोन टोके गाठता येणे, हा त्याचा मोठा गुण. उलटपक्षी, गिटार व त्याच्यामध्ये दुसरे काही पेडल आले की हा संबंध तुटतो आणि नाद कर्कश होऊ शकतो. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधील गळती तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे वातानुकूलित खोलीत सुरेख वाटलेले पेडल नागपूर किंवा जयपूरच्या उन्हाळ्यातील उघड्या रंगमंचावर वेगळेच वागू शकते. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर या बाबतीत स्थिर असतात, मात्र त्यांचा नाद अधिक धारदार असतो.

डीएस-१ मध्ये लहर प्रथम पुष्कळ वाढविली जाते आणि मग दोन डायोडांमधून जमिनीकडे वळवून कापली जाते. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टच्या पुढे वाहू लागतो. तेथेच माथा सपाट होतो. हीच कठोर छाटणी. याच्या स्वरनियंत्रक कळीची घडण अशी की मध्यम पट्टीतील काही भाग दबतो व खालचे-वरचे स्वर पुढे येतात. बिग मफमध्येही मध्यम पट्टी अशीच दबलेली असते.

ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड वर्धकाच्या परतीच्या वाटेवर बसविलेले असतात. माथा वर चढू लागला की वर्धन आपोआप कमी होते. पण मूळ लहर त्यात मिसळलेली राहते, म्हणून छाटणी मृदू वाटते. शिवाय सेकंदाला सुमारे ७२० कंपनांच्या खालचे स्वर येथे क्रमाक्रमाने कमी वाढविले जातात. त्यावरील स्वरांचे वर्धन कळीनुसार सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत होते. छाटणीनंतर फार उंच स्वरही गाळले जातात. अशा रीतीने मध्यम पट्टी उठून दिसते. टेक्सासचे वादक स्टीव्ही रे व्हॉन यांच्यासह अनेकांनी हे पेडल मुख्यतः घरघरीसाठी न वापरता, आधीच तापलेल्या ध्वनिवर्धकाला पुढे ढकलण्यासाठी वापरले.

दुकानातील कौल आणि रंगमंचावरील कौल

एकट्याने वाजवून पाहिले तर मध्यम पट्टी दबलेले पेडल प्रथमदर्शनी भव्य वाटते. खाली गडगडाट, वर चकाकी. त्याच्या शेजारी ट्यूब स्क्रीमर पातळ, काहीसा नाकातला वाटतो. पण वाद्यवृंदात खालची जागा बास-गिटार व मोठा ड्रम यांनी व्यापलेली असते आणि वरची जागा झांजांनी. गिटारला उरते ती मधलीच पट्टी. तीच ज्या पेडलाने दाबली, ते वादकाला गर्दीत हरवून टाकते. मग तो आवाज वाढवतो, इतरही वाढवतात, आणि गायकाचे शब्द बुडतात. घरी पातळ वाटलेले पेडल मात्र येथे स्पष्ट ऐकू येते. दुकानातील कौल आणि रंगमंचावरील कौल हे असे परस्परविरुद्ध असू शकतात. म्हणून पेडल कोठे वाजवावयाचे आहे, हा प्रश्न पेडल कसे वाजते या प्रश्नाच्या आधी विचारावयास हवा. घरी एकट्याने वाजविणाऱ्याने दबलेली मध्यम पट्टी निवडली तर त्यात काही चूक नाही.

दुसरा चकवा आवाजाच्या पातळीचा. कानाची संवेदना सर्व स्वरांना सारखी नसते. आवाज लहान असता मंद्र स्वर विशेष कमी ऐकू येतात, हे अमेरिकेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. यामुळे तोच नाद किंचित मोठा केला की अधिक भरीव व संपन्न वाटतो. दोन पेडलांपैकी एक थोडे जरी मोठे वाजत असेल तरी ऐकणारा बहुधा त्याच्याच बाजूने कौल देतो आणि आपण नादाची पारख केली असे समजतो.

हे टाळण्यासाठी तुलना पुढील रीतीने करावी. गिटार व ध्वनिवर्धक एकच ठेवावेत, शक्य तर स्वतःचेच. प्रत्येक पेडलाचा आवाज बंद अवस्थेतील आवाजाइतका करून घ्यावा आणि मगच इतर कळांना हात लावावा. एकच छोटा वाक्यखंड वाजवावा : प्रथम एकेक स्वर, नंतर षड्ज-पंचमाची जोडी, शेवटी पूर्ण स्वरमेळ. गिटारची कळ उतरवून नाद किती स्वच्छ होतो ते पाहावे. आघात हलका व जोरकस करून पेडल तो फरक राखते की पुसून टाकते, तेही पाहावे. सोबत्याला पेडले बदलण्यास सांगून, कोणते चालू आहे हे न बघता ऐकल्यास नाव व किंमत यांचा प्रभाव दूर होतो. अखेर बास व ड्रम यांच्यासह, निदान त्यांच्या मुद्रित साथीबरोबर, वाजवून पाहावे.

काही वादक आपला वाक्यखंड पुनरावर्तक यंत्रात मुद्रित करून तोच निरनिराळ्या पेडलांतून ऐकतात. हाताच्या आघातातील फरक त्यामुळे नाहीसा होतो, हा त्याचा फायदा. मात्र फझ फेससारखे पेडल प्रत्यक्ष पिकअपशी जोडलेले असतानाच आपले गुण दाखविते. मध्ये यंत्र आले की त्याची परीक्षा अन्यायाची ठरते.

क्रम, तारा आणि वीज

एकाहून अधिक पेडले जोडताना क्रमाला महत्त्व येते. सामान्यतः फझ गिटारच्या सर्वांत जवळ, नंतर इतर छाटणारी पेडले, मग डोलविणारी आणि शेवटी प्रतिध्वनीची असा क्रम ठेवतात. प्रतिध्वनी आधी व छाटणी नंतर केली तर विरत जाणारे प्रतिध्वनीही मूळ स्वराइतके फुगतात व सर्व एकत्र कालवले जाते. अर्थात हा नियम अनुभवाचा आहे. मुद्दाम तो मोडूनही काही वादक वेगळे परिणाम साधतात.

बंद असताना पेडल काय करते, हाही तुलनेचा भाग आहे. काही पेडले बंद केली की आत येणारी तार सरळ बाहेरच्या तारेशी जोडतात. पण अशी पाच-सहा पेडले व लांब केबल यांची एकत्र धारकता उंच स्वर खाऊन टाकते. दुसऱ्या प्रकारात बंद अवस्थेतही एक लहान मंडल लहरीला बळ देत राहते. बॉसची बहुतेक पेडले या प्रकारची आहेत. लांब जोडणीत अशा प्रकारचे एखादे पेडल असणे हितकारक ठरते. फक्त ते जुन्या पद्धतीच्या फझच्या आधी नसावे.

बहुसंख्य पेडले नऊ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या खोबणीच्या मधल्या टोकाला ऋण अग्र असते. पण याला अपवाद आहेत. विशेषतः जर्मेनियमच्या जुन्या धाटणीच्या कित्येक फझ पेडलांत धन अग्र जमिनीला जोडलेले असते. अशा पेडलाला इतरांच्या सामाईक वीजतारेवर बसविल्यास वीजपुरवठ्याचे मंडल लघुपथित होते. साधे फझ काही मिलिअँपिअरवर चालते, तर अंकीय पेडलाला कित्येक पटींनी अधिक प्रवाह लागतो; पुरवठा तेवढा आहे की नाही हे आधी पाहावे. परदेशातून पेडल मागविणाऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. जपानमधील वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतील १२० व्होल्टची आणि भारतातील २३० व्होल्टची असते. तेथील साधा अडॅप्टर येथे लावल्यास तो जळण्याचा संभव असतो. भारतातील विजेची सेकंदाला ५० आवर्तने पिकअपमध्ये गुणगुण निर्माण करतात, आणि छाटणारी पेडले तीही तितक्याच निष्ठेने वाढवितात.

किंमत आणि मोल

अमेरिकेतील बिल फिनेगन यांनी १९९४ पासून ‘क्लॉन सेंटॉर’ हे पेडल थोड्या-थोड्या संख्येने तयार केले. सुमारे ८,००० नगांनंतर ते बंद झाले. पुढे त्याची मागणी इतकी वाढली की जुन्या नगासाठी हजारो डॉलर मोजले जाऊ लागले. मंडल कोणास कळू नये म्हणून ते राळेत बुडविलेले होते. तरी जाणकारांनी ते उलगडले. त्यात कापलेली लहर व स्वच्छ लहर एकाच कळीने कमीजास्त प्रमाणात मिसळण्याची चतुर योजना आहे. आज त्याच योजनेची अनेक पेडले मूळ पेडलाच्या किमतीच्या अल्पांशात मिळतात. मूळ नगाच्या किमतीत दुर्मीळतेचा वाटा मोठा आहे, आणि दुर्मीळता कानाला ऐकू येत नाही. टिकाऊ कळफलक, मजबूत डबी आणि दुरुस्तीची सोय यांसाठी अधिक पैसे देणे मात्र योग्यच ठरते.

अनेक परिणाम एकाच पेटीत देणारी अंकीय यंत्रे आता सर्वत्र उपलब्ध आहेत. आपल्याला कोणत्या कुळाची गरज आहे हे अजून न उमगलेल्या नवशिक्याला अशा एखाद्या यंत्रावर पाचही कुळांची ओळख करून घेता येते. काही महिन्यांनी ज्या एक-दोन परिणामांवाचून त्याचे चालत नाही असे दिसेल, त्यांचीच स्वतंत्र पेडले घ्यावीत. पहिली खरेदी एकाच पेडलाची असावी, आणि त्याच्या साऱ्या कळा, गिटारच्या कळीसह, पुरत्या हाताखाली आल्यावरच दुसऱ्याचा विचार करावा. अपुरे वाटलेले पेडल पुष्कळदा अपुरे नसून पुरते वाजवून पाहिलेले नसते.